ग्रामपंचायतीच्या ठरावाने वाडा वाचेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं, राज्यमार्गावरचं साडेतीन-चार हजार वस्तीचं गाव. आबादीत एक देशमुखी वाडा, त्याच्या मागे उंचावर गढी आणि खालच्या अंगाला एक पायविहीर. वाड्याच्या पाच वारसांपैकी दोघांनी एका ठेकेदाराशी बोलणी केली आहेत. वाडा पाडून रस्त्याच्या बाजूने गाळे काढायचे, असा बेत आहे. विचारणारे ग्रामपंचायत सदस्य आहेत. ते विचारतात, ग्रामसभेत ठराव घेऊन हा सगळा भाग 'हेरिटेज झोन' जाहीर केला तर पाडकाम थांबेल का? आणि शहरासारखे झोनिंगचे नियम गावाला लावता येतात का?

मी नगररचनेच्या कामात एकतीस वर्षं काढली, बहुतेक अमरावती विभागातच. निवृत्तीनंतरही असे प्रश्न वर्षाला पाच-सात तरी येतात. बहुतेक वेळा प्रश्न येतो तेव्हा जेसीबी दारात उभा असतो. तुमच्याकडे अजून बोलणीच चालू आहेत, हे नशीब समजा.

नुसत्या ठरावाने पाडकाम थांबणार नाही. तरी ठराव घेऊच नका असं मी म्हणणार नाही. तो कुणाला उद्देशून आहे आणि त्यात काय लिहिलंय, यावर त्याची किंमत ठरते.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. तुम्ही 'हा सगळा भाग' म्हणता, पण कागदावर तो एक भाग नाही. वाडा खाजगी मालकीचा. गढी बहुतेक गावांत शासनाच्या नावावर किंवा गावठाणात धरलेली असते. क्वचित एखाद्या घराण्याच्या नावावर. पायविहीर ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत किंवा निस्तारपत्रकात (गावाच्या सामाईक जागा-हक्कांची नोंद) सापडेल, नाहीतर कुठेच सापडणार नाही. तिघांचे धनी वेगळे, म्हणून उपायही वेगळे. एकच झोन काढून तिघांवर पांघरूण घालायला गेलात तर वाड्याचे मालक हरकत घेतील, आणि त्या भांडणात गढी नि विहीरही अडकून पडतील.

आता झोनचं. झोन म्हणजे जमिनीचा वापर ठरवणारा पट्टा: इथे शेती, इथे रहिवास, इथे उद्योग. त्याच्यासोबत येतात ते उंची, चटईक्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधकाम चालेल), सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), पार्किंग यांचे नियम. 'ही इमारत पाडू नका' असं झोन कधीच सांगत नाही. रहिवास पट्ट्यातला वाडा पाडून तिथेच तीन मजली घर बांधलं तर झोनचा भंग कुठे झाला? झाला नाही. इमारत वाचवायची तर झोनच्या जोडीला दुसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे यादी. कोणती इमारत, कोणत्या गट नंबरात, कोणत्या श्रेणीत. मुंबईत १९९५ साली हेरिटेज नियम लागू झाले ते यादीच्याच जोरावर. पुढे नागपूरलाही यादी आणि समिती आली. गावाकडे नियम आहेत, पण यादी करणारं कुणी नाही. दुखणं आहे ते इथे.

नियम आहेत म्हणतो ते कशाच्या आधारावर? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ घ्या. त्यात 'विकास' या शब्दाची व्याख्या कलम २ च्या पोटकलम ७ मध्ये आहे. आपण विकास म्हणजे बांधकाम समजतो. पण त्या व्याख्येत अस्तित्वात असलेली इमारत किंवा तिचा भाग पाडणं हाही 'विकास'च आहे, आणि वारसा इमारतीत किंवा तिच्या परिसरात केलेला रचनात्मक बदलही. विकासाला परवानगी लागते, म्हणजे पाडायलाही लागते. माझ्या नोकरीत कितीतरी मुख्याधिकाऱ्यांना ही ओळ बोट ठेवून दाखवावी लागली. उलट ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ बघा. त्यात भर आहे तो इमारत बांधण्यावर आणि पुन्हा बांधण्यावर. म्हणून ग्रामपंचायतीच्या पातळीवर वाडा पडून जातो आणि कुणी कागद विचारत नाही. कागद सुरू होतो तो नवीन बांधकामाच्या वेळी.

वारसा इमारत कोणती, तर नियोजन प्राधिकरणाने (त्या हद्दीची योजना करणाऱ्या नि परवानग्या देणाऱ्या संस्थेने) किंवा त्या हद्दीतल्या सक्षम प्राधिकरणाने तशी जाहीर केलेली. ग्रामपंचायत या कायद्याखाली नियोजन प्राधिकरण नाही. म्हणून तुमच्या ठरावाने वाडा 'हेरिटेज' होत नाही. ठराव ही मागणी आहे, आदेश नव्हे. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचा रस्ता सोपा होतो.

मागणी कुणाकडे करायची, ते तुमचं गाव कुठे बसतं त्यावर अवलंबून आहे. तालुक्याचं ठिकाण असेल तर बहुधा २०१४-१५ च्या सुमारास तिथली ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली असेल; मग तीच नियोजन प्राधिकरण. नागपूर महानगर प्रदेशातलं गाव असेल तर तिथलं प्राधिकरण. तुम्ही सांगता त्यावरून तुमचं गाव या दोन्हींत नाही, म्हणजे प्रादेशिक योजनेच्या, मोठ्या प्रदेशासाठी केलेल्या योजनेच्या, क्षेत्रात. तिथे परवानगीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो आणि अभिप्राय देते ती जिल्ह्याची नगररचना शाखा. गावठाणाच्या आतल्या लहान घरांना शासनाने परवानगीच्या सवलती दिल्या आहेत, त्या योग्यच आहेत. पण गाळ्यांची व्यापारी इमारत म्हणजे काही घरकुल नव्हे. तो प्रस्ताव कुणाच्या टेबलावर येणार, हे शाखेत जाऊन आजच विचारून घ्या.

प्रादेशिक योजनेत काय असावं हे सांगणाऱ्या कलम १४ मध्ये ऐतिहासिक, नैसर्गिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वास्तू नि स्थळं जपण्याचा उल्लेख आहे. विकास योजनेसाठी, म्हणजे एखाद्या शहराच्या आराखड्यासाठी, तेच कलम २२ मध्ये. आणि डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्यभर लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा इमारतींच्या जतनाचा स्वतंत्र भाग आहे. म्हणजे 'गावाला असे नियम लागू होत नाहीत' असं कुणी सांगितलं तर मान डोलावून घरी येऊ नका. नियम लागू आहेत, तुमच्या गावातलं एकही नाव यादीत नाही, इतकंच.

योजना तयार होताना शिरलात तर काम किती सोपं होतं, याचा एक किस्सा सांगतो. एका नवीन नगरपंचायतीची पहिली विकास योजना चालू होती. पहिली पायरी असते विद्यमान जमीन वापर नकाशाची, म्हणजे आज जमिनीवर काय आहे ते रंगवायचं. सर्वेक्षणाची पोरं वस्तीत फिरतात, घर दिसलं की पिवळा रंग, दुकान दिसलं की निळा. वेशीच्या दरवाजाला कोणता रंग? त्यांच्या सूचीत तो प्रकारच नव्हता, म्हणून त्यांनी तिथे रस्ता दाखवला. दोन्ही बुरूज धरून! पुढच्या टप्प्यात त्याच रस्त्यावर बारा मीटरची रेघ ओढली गेली आणि वेस कागदावर गायब झाली. कुणाच्या मनात पाप नव्हतं. रंगच नव्हता. आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी कायद्याने तीस दिवस असतात. एका निवृत्त शिक्षकाने अठ्ठाविसाव्या दिवशी हरकत टाकली, सोबत वेशीचे सहा फोटो आणि हाताने काढलेला मापांचा कागद. नियोजन समितीपुढे सुनावणी झाली, रेघ वेशीच्या बाजूने वळवली. हेच काम सर्वेक्षणाच्या वेळी पोरांना चहा पाजून पाच मिनिटांत झालं असतं. तुमच्या शेजारच्या कुठल्या नगरपंचायतीचा आराखडा चालू असेल तर तिथल्या ओळखीच्या माणसाला एवढं जरूर कळवा.

तुमच्या बाबतीत योजना आधीच मंजूर असणार. मंजूर प्रादेशिक योजनेत फेरबदल कलम २० खाली होतो, विकास योजनेत कलम ३७ खाली. ते शासनापर्यंत जातं, वेळ खातं. माझ्या हातून गेलेल्या अशा फायलींना दीड-दोन वर्षं कमीत कमी लागली. वारसा यादीसाठीही लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. तोपर्यंत ठेकेदार थांबेल का, असं तुम्ही विचाराल. नाही थांबणार. म्हणून एकीकडे यादीची मागणी चालू ठेवायची आणि दुसरीकडे जे नियम आजच लागू आहेत त्यांचं गणित मालकांपुढे मांडायचं. माझा सगळा भर या दुसऱ्यावर आहे.

कसं, ते सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्याच एका गावात असाच वाडा होता. दर्शनी बाजू साठ फूट, खोली शंभर. रस्त्याला लागून चार फुटांचा दगडी ओटा, त्यावर सोळा फूट खोल ढाळज, म्हणजे दारालगतची बैठकीची ओसरी, सागवानी खांब, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. धाकट्या वारसाला गाळे हवे होते. मी म्हटलं, चला, मोजू. रेघा मारायला पांढरी फक्की (भुकटी) आणली, टेप धरला. योजनेत समोरचा रस्ता बारा मीटर दाखवलेला, प्रत्यक्षात होता सहा. म्हणजे मध्यरेषेपासून मोजलं तर त्यांच्या बाजूने तीन मीटर, दहा फूट, रुंदीकरणात. नवीन इमारत म्हटली की त्या वेळच्या नियमांप्रमाणे पुढे आणखी तीन मीटर सोडायचे. मी ढाळजेच्या आतल्या भिंतीला लागून पांढरी रेघ मारली. वीस फूट गुणिले साठ, बाराशे चौरस फूट. अख्खी ढाळज आणि ओटा. गाळ्याचं शटर त्या रेघेच्या मागे.

धाकटा म्हणाला, 'पण रस्ता तर सहा मीटरचाच आहे साहेब, रुंद कधी होणार?' मी म्हटलं, 'ते मला विचारू नका. पण तुम्ही वीस फूट सोडले आणि रस्ता झाला नाही, तर त्या वीस फुटांत काय येईल?' थोरल्या भावाने उत्तर दिलं: 'पानटपऱ्या.' सगळे हसले. पण मुद्दा पोचला. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात चटईक्षेत्र मिळतं, हे खरं; पण गिऱ्हाईक चटईक्षेत्रावर येत नाही, रस्त्यावरून येतं. उलट जुना वाडा तसाच ठेवून ढाळजेत दुकान थाटलं तर ओट्यासकट रस्त्याला लागून. पाडलं की ती जागा गेली. दुरुस्ती केली तर राहिली. शेवटी ढाळजेत एका सहकारी पतसंस्थेची शाखा आली, आणि गाळे निघाले मागच्या गल्लीकडे, जिथे पूर्वी गोठा होता. वाडा अजून उभा आहे. फार सुंदर जतन झालंय असं म्हणणार नाही. ढाळजेच्या खांबांना पतसंस्थेने ऑइलपेंट फासलाय, चॉकलेटी. पण खांब आहेत.

हे सगळीकडे असंच जमेल असं नाही. रस्ता राज्यमार्ग असेल तर इमारत रेषेचे आणि नियंत्रण रेषेचे, म्हणजे रस्त्यापासून किती अंतरात बांधकामाला मनाई किंवा बंधन, याचे नियम वेगळे असतात, ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी घ्या. तुमच्या गावठाणातल्या आजच्या अंतरांचा आकडा माझ्या किश्शातल्यापेक्षा वेगळा निघेल. आणि रुंदीकरण खरंच हाती घेतलं गेलं, तर न पाडलेली ढाळजही संपादनात येईल. तिथे मात्र यादीच लागते, कारण वारसा नियमांत रुंदीकरणाची रेघ ओढताना अशा इमारतींचा विचार करायची तरतूद आहे. म्हणून मी म्हणतो, दोन्ही कामं एकाच वेळी.

आपलेच नियम जुन्या इमारतीच्या मुळावर कसे येतात, तेही माहीत असू द्या. वाड्यात कुणाला दवाखाना किंवा मुक्कामाच्या खोल्या काढायच्या आहेत. वापर बदलला की फाईल होते, फाईल झाली की बाजूचं अंतर नाही, जिन्याची रुंदी कमी, पार्किंग कुठे, असे शेरे येतात. वाड्याच्या भिंती शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असतात, अंतर आणणार कुठून? मालक कंटाळतो आणि म्हणतो, पाडूनच टाकू. यादीतल्या इमारतीला अशी अंतरं शिथिल करता येतात. मालकाला यादी म्हणजे बेडी वाटते. त्याला हे समजावून सांगा की यादीत नाव आलं तर वाड्याचा वापर बदलणं सोपं होईल. मी ज्या तीन-चार ठिकाणी मालकांची संमती मिळवली, ती याच एका मुद्द्यावर.

हस्तांतरणीय विकास हक्काचं, म्हणजे टीडीआरचं (इथे न वापरता आलेलं चटईक्षेत्र दुसऱ्याला विकण्याचा हक्क), गाजर मात्र दाखवू नका. नागपुरात त्याला गिऱ्हाईक आहे. गावात जिथे शेजारी रिकामा प्लॉट पडलाय तिथे जादा चटईक्षेत्र विकत घेणार कोण? एका सल्लागाराने गावकऱ्यांना टीडीआरची स्वप्नं दाखवली होती. सहा महिन्यांनी लोकांनी त्याचं तोंड बघणं सोडलं.

झोन किती मोठा काढायचा, याबद्दल माझं मत कडक आहे: जितका लहान तितका बरा. केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. २०१० च्या दुरुस्तीनंतर ते आणखी कडक झालं. लोणारला दैत्यसूदन मंदिर आहे, गडचिरोलीत मार्कंड्याची देवळं आहेत. अशा गावांत राहणाऱ्यांना विचारा. घराची पडकी भिंत उभी करायलाही परवानगीचा कागद, तोही लांबून. देवळावर श्रद्धा असलेला माणूसही वैतागतो. तुमच्या गावात वाड्याभोवती शंभर मीटरचं वर्तुळ काढलंत तर त्यात पन्नास-साठ घरं येतील, त्यातली अर्धी कवेलूची, मातीची. त्यातल्या एखाद्याला घरकुल मंजूर झालेलं असतं, आणि दुसरी जागा नसते म्हणून जुनं घर पाडूनच नवं बांधावं लागतं. त्याच्या वाटेत तुमचा हेरिटेज झोन आला तर ग्रामसभेत तुम्हाला कुणी उभं राहू देणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

म्हणून झोन म्हणायचाच असेल तर वाड्याची दर्शनी बाजू, समोरचा चौक आणि चौकाला लागून असलेली घरं, बस. या पट्ट्यात नियम तीन: चौकाकडच्या बाजूला उंची वाड्याच्या धाब्यापेक्षा जास्त नको, दर्शनी रेषा आहे तिथेच ठेवायची, आणि वाड्याचा दरवाजा, ढाळज नि ओटा हात न लावता राखायचा. काय चालेल ते त्याच्याहून लांब लिहा: आतली दुरुस्ती, संडास-न्हाणी, धाब्यावर पत्रा टाकणं, मागच्या अंगाला नवं बांधकाम, दुकान, दवाखाना, कृषी पर्यटनाच्या खोल्या. परवानगीच्या नियमात 'काय नको' इतकंच 'काय चालेल' लिहिलं की हरकती निम्म्याने कमी होतात. धाब्यावर पत्रा टाकायला का परवानगी द्यायची, असं एखादा शुद्धतावादी वास्तुतज्ज्ञ विचारेल. कारण धाब्याला दरवर्षी पांढऱ्या मातीचा थर देणारी माणसंच राहिली नाहीत, आणि गळणारं माळवद तीन पावसाळ्यांत वाडा आडवा करतं. पत्रा कुरूप दिसतो, पण नंतर काढता येतो.

गढीचं आता. गढी वाचवणं वाड्यापेक्षा सोपं, कारण समोर मालक नाही. आणि अवघडही, कारण तिचा पहिला शत्रू ग्रामपंचायतच असते. गावात उंच जागा कोणती? गढी. मग पाण्याची टाकी कुठे? गढीवर. वऱ्हाडात फिरा, किती गढ्यांच्या डोक्यावर टाक्या आहेत ते मोजा. दुसरा शत्रू पांढरी माती. शेतात टाकायला, धाब्याला, घराच्या पायात भरायला लोक ट्रॉल्या भरून नेतात. बुरूज खालून पोखरला जातो आणि एका पावसात बसतो. यासाठी हेरिटेजची वाट बघायची गरज नाही. मातीचं उत्खनन गौण खनिजाच्या नियमांत येतं. ग्रामसभेचा ठराव घ्या की गढीच्या गट नंबरातून माती काढायला ग्रामपंचायतीची संमती नाही, आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्या. दुसरा ठराव, ग्रामपंचायत स्वतः गढीवर कोणतंही बांधकाम करणार नाही. तिसरं, गढीची मोजणी करून हद्दीचे दगड लावून घ्या. गावठाणाचं ड्रोन सर्वेक्षण झालं असेल तर मिळकत पत्रिकेत (प्रॉपर्टी कार्डात) गढी कुणाच्या नावावर लागली ते आधी बघा. एका गावात गढीचा अर्धा उतार शेजारच्या तीन घरांच्या परसात गेलेला होता.

पायविहिरीला फक्त नोंद लागते. स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत घाला, ग्रामपंचायत विकास आराखड्यात गाळ काढण्याचं काम घाला. आणि वरून सिमेंटचा स्लॅब टाकून 'सुरक्षित' करू देऊ नका. लोखंडी जाळी पुरते.

पुरातत्त्व विभागाकडे अर्ज करावा का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. करा, पण त्याच्या भरवशावर बसू नका. सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा राज्य संरक्षित झाला, त्यामागे जिजाऊंचा जन्म आहे. गावोगावच्या देशमुखी वाड्यांना ती वाट क्वचित मिळते. केंद्राच्या कायद्याला तर वास्तू किमान शंभर वर्षं जुनी आणि राष्ट्रीय महत्त्वाची लागते. तुमचा वाडा गावाच्या महत्त्वाचा आहे. त्यासाठीच नगररचनेचा कायदा आहे.

आता थोडक्यात क्रम लावून देतो. पहिल्यांदा वाड्याची मिळकत पत्रिका किंवा नमुना आठ (ग्रामपंचायतीचा घर-आकारणीचा उतारा) काढा आणि त्यावर किती नावं आहेत ते बघा. पाच वारसांपैकी दोघांनीच बोलणी केली असतील तर उरलेल्या तिघांच्या संमतीशिवाय बांधकामाचा प्रस्ताव पुढे सरकणं कठीण आहे. आज तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार हेच, आणि त्याला कुठलाही झोन लागत नाही. पण त्या तिघांकडे भांडण लावायला जाऊ नका. गणित घेऊन जा.

मग ग्रामसभेचा ठराव. मजकूर मी लिहिला असता तर साधारण असा: 'मौजे अमुक येथील गट नंबर अमुकमधील वाडा, त्यालगतचा चौक, गढी व पायविहीर या वास्तूंचा वारसा यादीत समावेश करण्याबाबत जिल्हाधिकारी यांनी नगररचना शाखेचा अभिप्राय घेऊन कार्यवाही करावी, व तोपर्यंत सदर वाडा पाडण्याचा अथवा त्या जागी बांधकाम करण्याचा कोणताही प्रस्ताव आल्यास निर्णयापूर्वी ग्रामपंचायतीचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी ही सभा शिफारस करीत आहे.' 'बंदी घालण्यात येत आहे' असं लिहू नका. तो अधिकार नाही, आणि पहिल्याच सुनावणीत वकील तेवढ्यावरून ठराव उडवतो. सोबत नकाशा, चारही बाजूंचे फोटो, मापं, वाड्याबद्दल कागदोपत्री जे काही असेल ते. पोच घ्या, आवक क्रमांकासहित. अशी एक प्रत फायलीत असली की परवानगी देणारा अधिकारी सही करण्याआधी थांबतो. मी स्वतः थांबलोय.

आणि मोजणी. ती कुणावर सोपवू नका, स्वतः करा. रस्त्याच्या मध्यरेषेपासून ओट्याच्या कडेपर्यंत किती, ओट्यापासून ढाळजेच्या आतल्या भिंतीपर्यंत किती, मागच्या गल्लीची रुंदी किती, गोठ्याची जागा किती. डांबराच्या कडेपासून मोजू नका, दर डांबरीकरणाला ती सरकते. ही चार मापं, वारसांची संख्या आणि राज्यमार्गाची नियोजित रुंदी एवढं इथे टाका. कागदावर रेघ मारून गाळे कुठे बसतात ते तुम्हाला काढून देतो. ती रेघ मग वाड्यात जाऊन फक्कीने मारा, पाचही वारस हजर असतील अशा दिवशी.